धोरणाच्या जिल्ह्यात पीएच.डी.

शिक्षणातले नेतृत्व आणि धोरण या विषयात पीएच.डी. करू पाहणारे लोक वर्धा जिल्ह्यात दोन प्रकारचे आहेत. पहिल्यांना पदवी हवी असते, कारण पुढची खुर्ची तिच्याशिवाय मिळत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे बी.एड. महाविद्यालयाच्या प्राचार्याला पीएच.डी. आणि आठ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. वरिष्ठ महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक व्हायचे तरी हीच पदवी मागतात. दुसऱ्यांना शाळेत काहीतरी खुपलेले असते. पट वर्षागणिक का घटतो? शाळेत दोनच गुरुजी असताना त्यांतल्याच एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार का? मंत्रालयातून निघालेला शासन निर्णय पंचायत समितीतून केंद्रशाळेत आणि तिथून वर्गात पोचेपर्यंत त्याचे काय होते? माझे मत आधीच सांगून टाकतो. ही पदवी दुसऱ्यांसाठी आहे, पण तिची सारी व्यवस्था पहिल्यांच्या सोयीने घडत गेली आहे.

ही तक्रार कुठल्याही जिल्ह्याबद्दल करता येईल. वर्ध्यात ती अधिक लागते, कारण देशाच्या शिक्षणाचे एक अख्खे धोरण याच गावात तयार झाले.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना कारभार मिळाला आणि जुलै १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. त्यांच्यापुढे पहिला पेच पैशाचा होता. शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात दारूच्या अबकारी उत्पन्नावर चाले आणि काँग्रेसला तर दारूबंदी करायची होती. म्हणजे मुलांना शाळा द्यायची तर गुत्ते चालू ठेवायचे का, हा प्रश्न. गांधींनी त्यावर मांडलेली कल्पना अशी की शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे आणि त्या उद्योगातून शिक्षकाचा पगार तरी निघावा. तिच्यावर विचार करायला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, परिषद भरली. काँग्रेसच्या प्रांतांतले शिक्षणमंत्री आले होते, आणि अध्यक्षस्थानी गांधी होते.

परिषदेने नेमलेल्या समितीतली नावे आजच्या संशोधकाने सावकाश वाचावीत. अध्यक्ष झाकिर हुसेन. निमंत्रक आर्यनायकम, मारवाडी विद्यालयाचेच मुख्याध्यापक. ख्वाजा गुलाम सय्यदैन, विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, आशादेवी आणि प्रा. के. टी. शाह. झाकिर हुसेन यांची डॉक्टरेट बर्लिनची आणि विषय अर्थशास्त्र, म्हणजे शिक्षणशास्त्राची मोहोर त्यांच्यावर नव्हती. त्यांच्या शेजारी सूत कातून विचार करणारे विनोबा होते, रोज शाळा चालवणारा मुख्याध्यापक होता आणि एक शिक्षिका होती. शाह यांनी तर परिषदेतच हरकत घेतली होती: मुलांच्या श्रमातून खर्च काढायचा म्हटले की पिळवणुकीची वाट उघडते आणि गावच्या कारागिराच्या पोटावरही पाय येतो. तरी त्यांना समितीत घेतले गेले. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे चाळीस दिवसांत, अहवाल तयार झाला. त्यात सात वर्षांचे मोफत सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उद्योगाचे केंद्र आहेच. शिवाय उत्पादनाच्या मागे लागून शिक्षक मुलांकडून नुसते काम काढून घेईल, असा इशाराही समितीने स्वतःच देऊन ठेवला आहे. हरकत घेणाऱ्याला आत बसवले, म्हणून हा अहवाल आजही प्रामाणिक वाटतो.

पुढचा प्रवास झपाट्याचा होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली, एप्रिलमध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला, मध्य प्रांतात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना सुरू झाली. मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीमार्फत केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने वर्धा योजनेची छाननी केली. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेने ‘नई तालीम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शिक्षणाचा पट बालवाडीपासून प्रौढशिक्षणापर्यंत वाढवला. स्वातंत्र्यानंतर सरकारांनी ती कागदावर स्वीकारली आणि वर्गात सोडून दिली. १९५६ ची जी. रामचंद्रन समिती राज्याराज्यांतून फिरली तेव्हा तिला हेच दिसले. शेवटी सेवाग्राममधली नई तालीमची शाळाही थांबली. २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ या नावाने ती पुन्हा सुरू झाली आणि मराठी माध्यमातून आजही चालते.

कल्पना, समिती, विरोध, प्रयोग, विस्तार, सरकारी सौम्यीकरण, मूल्यमापन, विसर्जन आणि पुनरारंभ ही एका धोरणाची जीवनकथा बहुतांशी वर्धा शहरापासून काही किलोमीटरच्या आत घडली. धोरण शिकणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा क्वचितच मिळेल.

आता आजची वाट पाहू. अमेरिकेत शिक्षण प्रशासनासाठी वेगळी डॉक्टरेट असते. हार्वर्डने ती १९२० च्या सुमारास सुरू केली आणि २०१० मध्ये जिल्हा व राज्य पातळीवरचे शिक्षण चालवणाऱ्यांसाठी नेतृत्वाची आणखी एक डॉक्टरेट काढली, ज्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष एखाद्या संस्थेत काम करण्यात जाते. आपल्याकडे ही विभागणी रुजली नाही. इथे शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. असते आणि नेतृत्व, प्रशासन, धोरण हे तिच्यातले विषय. शिक्षणशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी. मुंबई विद्यापीठाने १९४३ मध्ये दिली. नंतरच्या तीस वर्षांत किती आणि कसे काम झाले, याचा पहिला मोठा धांडोळा बडोद्याच्या एम. बी. बुच यांनी १९७४ मध्ये छापला; विषय ठरवण्याआधी त्याचे खंड चाळणे हा आजही चांगला व्यायाम आहे. केवळ नियोजन आणि प्रशासन यांना वाहिलेले विद्यापीठ दिल्लीत आहे, ते म्हणजे नीपा. युनेस्कोच्या १९६२ च्या प्रशिक्षण केंद्रापासून त्याची सुरुवात झाली आणि २००६ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झाले. शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्रही तिथेच आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिक्षणातली पीएच.डी. आहे. पुण्याची भारतीय शिक्षण संस्था जे. पी. नाईकांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापली आणि १९७६ मध्ये ती पुण्याला गेली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेल्या नाईकांनी धोरण आणि आकडे यांची सांगड कशी घालायची हे मराठी संशोधकांना शिकवले आणि चित्रा नाईकांनी राज्याच्या शिक्षण संचालकपदावरून ते करून दाखवले. आपल्या भाषेला या विषयाची परंपरा नाही असे कुणी म्हणू नये.

जिल्ह्यात राहून करायचे तर तीन दारे आहेत. पहिले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. ते १९९६ च्या संसदेच्या कायद्याने झालेले केंद्रीय विद्यापीठ. तिथे शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि माध्यम हिंदी. दुसरे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. १९२३ चे हे विद्यापीठ २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाल्यावर नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांपुरते उरले. वर्ध्याची बहुतेक महाविद्यालये त्याच्याशीच संलग्न आहेत आणि मराठीत प्रबंध लिहायचा तर हीच सरळ वाट. तिसरे सावंगी मेघेचे दत्ता मेघे अभिमत विद्यापीठ. डॉक्टर, परिचारिका घडवणाऱ्या शिक्षणाचा अभ्यास हा तिथला वेगळा विषय, आणि ज्यांची नोकरी वैद्यकीय महाविद्यालयात आहे त्यांना तो जवळचा. सेवाग्रामची १९६९ ची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था त्याच्या शेजारीच असल्याने खेड्यात राहून डॉक्टर घडवण्याच्या धोरणाचा अभ्यास करायला या जिल्ह्यात मुबलक सामग्री आहे.

माध्यमाचा निर्णय हलका समजू नये. इंग्रजीत लिहिले तर नियतकालिके उघडतात, हिंदीत लिहिले तर उत्तरेतली विद्यापीठे. पण ज्या मुख्याध्यापकांच्या, पालकांच्या मुलाखती घ्यायच्या ते वऱ्हाडी मराठीत बोलतात. ‘कागदं भरता भरता शिकवाचंच राह्यते’ असे कोणी म्हणाले तर त्यातला थकवा भाषांतरात निम्मा गळतो. ज्याचा प्रबंध मुलाखतींवर उभा आहे त्याने मराठीत लिहावे आणि सारांश, शोधनिबंध इंग्रजीत काढावेत, असा माझा आग्रह आहे.

नियम आता बरेच स्पष्ट झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले विद्यार्थी यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. स्त्रियांना या काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजाही घेता येते. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट आहे. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे. एम.फिल. बंद झाले. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्तीही गेली, आणि ते फार बरे झाले. त्या सक्तीने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पोट भरत होते. २०२४ पासून नेटचे गुणही पीएच.डी.च्या प्रवेशाला चालतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. दूरशिक्षणाने पीएच.डी. होत नाही, जाहिरातीत कोणी काहीही म्हणो.

खरी अडचण मार्गदर्शकाची असते. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी ही मर्यादा योग्यच आहे. पण शिक्षणशास्त्राची पदे अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे रिकामी असल्याने विद्यार्थी विषय शोधून मार्गदर्शकाकडे जात नाहीत. मार्गदर्शक मिळतो आणि त्याचा विषय आपला होतो. प्रबंधाचा पाया इथेच कच्चा राहतो.

पैशाचे म्हणाल तर पूर्णवेळ संशोधकाला मुख्यतः दोन आधार आहेत. एक नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, जी १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली. दुसरा राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती. महाज्योतीचे मुख्यालय नागपुरात असल्याने वर्ध्याच्या ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना ते जवळ आहे. या वृत्तींसाठी विद्यार्थ्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचे उद्गार तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी काढले, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो संताप रास्त होता. ज्या घरात पहिली पिढी पदवीधर झाली, तिथे दुसऱ्या पिढीने संशोधन करू नये तर कुणी करावे? मात्र त्या संतापाचे सर्वांत भक्कम उत्तर चांगला प्रबंध हेच आहे, हेही मी तितक्याच कळकळीने सांगेन.

शाळेतल्या शिक्षकाची गोष्ट आणखी अवघड. कसोटी पाहणाऱ्या परीक्षा, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, पोषण आहाराचे हिशेब यांतून वेळ काढून तो संशोधन करतो आणि त्याच्या वेतनश्रेणीत पीएच.डी.ने फरक पडत नाही. रजा मिळवणे हीच एक मोहीम असते. जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवलेले सोलापूरचे रणजितसिंह डिसले यांनाही २०२२ मध्ये फुलब्राइटसाठी अमेरिकेला जायची रजा मिळवताना किती यातायात झाली, ते वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. पुरस्कार नसलेल्या शिक्षकाचे काय होत असेल? म्हणून अनेक जण यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका करून थांबतात. ज्याला शाळा चालवायची आहे त्याला तेवढे पुरेही पडते, आणि तसे थांबण्यात कमीपणा नाही.

आता मुख्य गोष्ट, प्रबंधांचा दर्जा. या विषयावरचे मराठी आणि हिंदी प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर शेकड्यांनी मिळतात. त्यातला मोठा भाग एकाच साच्याचा आहे: अमुक जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांची नेतृत्वशैली आणि शिक्षकांचे कार्यसमाधान, यांचा एक अभ्यास. शंभर-दोनशे शिक्षकांना प्रश्नावली, टी-परीक्षण, सहसंबंध, आणि शेवटी मुख्याध्यापकांना प्रशिक्षण द्यावे अशी शिफारस. प्रश्नावली बहुधा अमेरिकेत हॅल्पिन आणि क्रॉफ्ट यांनी १९६० च्या दशकात तिथल्या प्राथमिक शाळांवर बेतलेल्या साधनाची नातवंड असते. त्या शाळांत मुख्याध्यापक हे वेगळे, पूर्णवेळ पद होते. कारंजा किंवा आष्टी तालुक्यातल्या दोन शिक्षकी शाळेत ते पदच नसते! शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेच्या वर मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. बाकी ठिकाणी एक सहायक शिक्षक वर्ग सांभाळून प्रभार घेतो. त्याची नेतृत्वशैली लोकशाहीवादी की हुकूमशाही, हे मोजून हाती काय येणार? तो दिवसातला किती वेळ फळ्यासमोर असतो आणि किती मोबाइलवर माहिती भरत असतो, हे मोजले तर धोरणाबद्दल काही कळेल.

नेतृत्वाचा अभ्यास बिनकामाचा नाही. केनेथ लेथवूड आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या आढाव्याने दाखवले की शाळेशी निगडित घटकांपैकी मुलांच्या शिकण्यावर वर्गातल्या अध्यापनाखालोखाल परिणाम नेतृत्वाचा होतो, आणि अडचणीतल्या शाळांत तो सर्वांत जास्त. मग प्रभारी मुख्याध्यापकांच्या मुलखात हे नेतृत्व करते कोण? केंद्रप्रमुख? शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष असलेली एखादी आई? गावातला निवृत्त मास्तर? कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या शेतातून परतलेली बाई ठरावावर सही करते तेव्हा तिच्या हाती किती सत्ता असते, हा एका चांगल्या प्रबंधाचा विषय आहे.

असे विषय जिल्ह्यात पडून आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले; नमुने होते पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळा, आणि राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक असल्याचे तेव्हा सांगितले गेले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेचे निकष बदलले. शाळासंकुलाची कल्पना कोठारी आयोगाची, २०२० च्या धोरणात ती पुन्हा आली, पण आयोगाला शाळांनी एकमेकींना बळ द्यावे असे अपेक्षित होते. लहान शाळा बंद करणे ही वेगळी गोष्ट. बोर अभयारण्याच्या कडेच्या गावातली शाळा हलली तर तिथल्या मुली रोज किती किलोमीटर जातील आणि सातवीनंतर किती जणी थांबतील? युडायस या सरकारी शालेय नोंदींची शाळानिहाय माहिती हाताशी आहे. आठ तालुक्यांचा, सुमारे तेरा लाख वस्तीचा हा जिल्हा एका संशोधकाला पायाखाली घालता येण्याजोगा लहान आहे. २००६ च्या पंतप्रधानांच्या शेतकरी पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांत तो होता. त्या घरांतली मुले पुढे किती शिकली, हे शोधणेही शिक्षणधोरणाचेच काम. आणि आनंद निकेतन? तिथून बाहेर पडलेली मुले आज काय करतात, याचा शांतपणे घेतलेला मागोवा नई तालीमवरच्या दहा भाषणांहून मोलाचा ठरेल.

पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्यांविषयी एवढेच म्हणतो: २०१८ च्या वाङ्मयचौर्य विनियमांनंतर सॉफ्टवेअर दहा टक्क्यांपुढचे साम्य पकडते, भाड्याचा मेंदू पकडत नाही. तो फक्त मौखिक परीक्षेत पकडता येतो, आणि तिथे बसणाऱ्या परीक्षकांनी चहा-सत्काराच्या आधी दोन कडक प्रश्न विचारावेत.

एक काम मात्र नियमांची वाट न पाहता सुरू करता येईल. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांवर जो कोणी प्रबंध लिहील, त्याने त्याचा दहा पानी मराठी सारांश जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीला, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला आणि ज्या शाळांतून माहिती घेतली त्या प्रत्येक शाळेला द्यावा. शिक्षणाधिकाऱ्यांनी परवानगीच्या पत्रातच ही अट घालावी. मार्गदर्शकांनी विषय मंजूर करण्याआधी विद्यार्थ्याला पंधरा दिवस शाळांत पाठवावे आणि परतल्यावर त्याचा प्रश्न बदलला आहे का ते पाहावे. बदलला नसेल तर त्याला आणखी पंधरा दिवस पाठवावे.